सवलतीतल्या हार्ड डिस्क : ‘एका ग्राहकाला दोनच’ या अटीत नऊ डिस्क कशा जमवायच्या?

कप्पेबंद (धागाकर्ता)

नॅससाठी (नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या साठवण-यंत्रासाठी) ८ टेराबाइटच्या आठ डिस्क आणि एक राखीव, अशा एकूण नऊ हव्या आहेत. रचना रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी जोडणी), म्हणजे दोन डिस्कएवढी जागा पॅरिटीत, गेलेला डेटा परत बांधायच्या माहितीत, जाऊन ४८ टेराबाइट वापरायला उरतील.

सुट्या नॅस डिस्कपेक्षा त्याच क्षमतेची यूएसबी बाह्य डिस्क सवलतीत टेराबाइटमागे साधारण तीस टक्क्यांनी स्वस्त पडते. पण तिथे ‘एका ग्राहकाला जास्तीत जास्त २’ अशी अट आहे. गंमत म्हणजे त्याच पानावर साठा भरपूर दिसतो. तर प्रश्न असे :

१. माल असूनही दोनचीच अट का? जास्त नग घेणाऱ्याला उलट आणखी कमी भाव मिळायला हवा ना?
२. ही तीस टक्के सूट खरी आहे की आधी किंमत फुगवून मग कापलेली, हे कसं ओळखायचं?
३. बाह्य डिस्क उघडून आतली वापरण्यात नेमके अडथळे कोणते?
४. दोन-दोन करत जमवायच्या, की वेगवेगळी खाती काढून एकदम घ्यायच्या?

---

घाऊकराव

पहिल्या प्रश्नापुरतं. सवलतीचा खर्च बहुतेक वेळा दुकान एकटं सोसत नाही. उत्पादक ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक नगांपुरती, विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे दुकानाला रक्कम परत करतो. ही रक्कम किरकोळ गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर मिळते, गोदामात पडलेल्या मालावर नाही. एकाच माणसाने चाळीस नग उचलले तर ती किरकोळ विक्री राहत नाही. तो माल पुढे दुसऱ्या विक्रेत्याकडे जातो आणि उत्पादकाच्या सुट्या डिस्कच्या धंद्यालाच खातो. सुटी नॅस डिस्क महाग आणि बाह्य डिस्क स्वस्त हा फरक उत्पादकाने मुद्दाम राखलेला असतो : जिला वॉरंटी जास्त आणि जिचं गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार, ती महाग. दोनची अट ही त्या भिंतीची राखण आहे.

दुकानाचं गणितही वेगळं नाही. कमी नफ्यावर डिस्क विकायची ती गिऱ्हाईक आत यावं म्हणून. दोनशे नग शंभर जणांत गेले तर शंभर जण काहीतरी आणखी घेतील. पाच जणांत गेले तर जाहिरातीचा खर्च अंगावर. म्हणून ‘जास्त घेतो, कमी करा’ हे इथे लागू पडत नाही. व्यावसायिक विक्री विभागाकडून नऊ नगांचा भाव मागवून बघा, विचारायला काही लागत नाही. पण तो भाव सवलतीच्या भावाच्या वरच असेल असं धरून चाला, कारण त्या विक्रीवर उत्पादकाची परतफेड लागू नसते.

अटीची भाषा मात्र नीट वाचा. ‘एका ऑर्डरला २’, ‘एका ग्राहकाला २’ आणि ‘एका घराला २’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑर्डर टाकली तरी चालतं. दुसऱ्यात खातं आणि कार्ड तपासलं जातं आणि मोजणी बहुधा सवलतीच्या पूर्ण मुदतीवर चालते. तिसऱ्यात पत्ताही जुळवतात.

आणखी एक. मर्यादा दोन कारणांनी येते आणि दोन्हींत वागायचं उलट असतं. सवलतीची मर्यादा एखाद-दुसऱ्या मॉडेलवर असते आणि त्या मॉडेलचा भाव नेहमीपेक्षा खाली असतो. टंचाईची मर्यादा सगळ्याच मॉडेलांवर असते आणि भाव नेहमीएवढा किंवा चढा असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडच्या पुरात वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनचा कारखाना पाण्याखाली गेला, डिस्कच्या मोटर बनवणाऱ्या निदेकलाही फटका बसला, आणि दुकानांनी डिस्कवर नगांची मर्यादा घातली. तेव्हा बॅकब्लेझ या साठवण-सेवेने कर्मचारी आणि मित्रमंडळींना दुकानोदुकानी पाठवून दोन-दोन बाह्य डिस्क जमवल्या आणि केसिंग उघडून आतल्या वापरल्या. हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं आहे. २०२१ मध्ये चिया या साठवणुकीवर चालणाऱ्या चलनामुळे मोठ्या क्षमतेच्या डिस्क पुन्हा अशाच गायब झाल्या. सवलतीच्या मर्यादेत थांबणं परवडतं, पुढची सवलत येते. टंचाईत थांबलात तर भाव आणखी चढलेला दिसेल. तुम्ही सांगताय ती सरळसरळ पहिल्या प्रकारची आहे.

पानावर दिसणाऱ्या साठ्याच्या आकड्यावरही फार विसंबू नका. त्यात परत आलेले, प्रदर्शनात ठेवलेले, कुणाच्या तरी कार्टमध्ये अडकलेले नग धरलेले असू शकतात. दुकानात जाऊन घ्यायची असेल आणि ‘१ शिल्लक’ दिसत असेल, तर आधी फोन करून नग हातात धरून बघायला सांगा.

---

मध्यमान

दुसऱ्या प्रश्नावर. छापील किंमत आणि ‘इतके टक्के सूट’ हे दोन्ही आकडे सरळ बाजूला ठेवा. बघायचा आकडा एकच, गेल्या ९० दिवसांतली मध्यक किंमत, भागिले टेराबाइट. सरासरी नको, मध्यकच. दोन दिवसांसाठी किंमत वर नेऊन ठेवली की सरासरी हलते, मध्यक हलत नाही.

उदाहरण म्हणून नेहमीची किंमत ८८ एकक धरा. सवलतीच्या आधी आठवडाभर ती १२५ दाखवली आणि मग ७० केली, तर फलकावर ‘४४ टक्के सूट’ येते. ८८ शी तुलना केली तर सूट २० टक्क्यांची. वीस टक्केही वाईट नाहीत, पण चव्वेचाळीस नाहीत. युरोपीय संघात मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमात सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते, तो याच खेळासाठी. जिथे असा नियम नाही तिथे किमतीचा इतिहास आपणच बघायचा. किपा किंवा कॅमलकॅमलकॅमल या संकेतस्थळांवर ॲमेझॉनच्या किमतींचे आलेख मिळतात. फक्त तिसऱ्या विक्रेत्यांच्या किमतींची रेघ बंद करा, नाहीतर आलेख वेडावाकडा दिसतो.

तुलना समानाची समानाशी हवी. बाह्य डिस्कला बहुधा दोन-तीन वर्षांची वॉरंटी असते, नॅस डिस्कला तीन, एंटरप्राइझला पाच. टेराबाइटमागची किंमत वॉरंटीच्या वर्षांनी भागून बघा. दोन वर्षांची ७० ला म्हणजे वर्षाला ३५, पाच वर्षांची १०० ला म्हणजे वर्षाला २०. तीस टक्क्यांनी स्वस्त वाटणारी डिस्क या मापाने महाग ठरते.

आणि मुळात ८ टेराबाइटच का? मोटर, केसिंग, सर्किट यांचा खर्च लहान-मोठ्या डिस्कला जवळपास सारखाच येतो, म्हणून छोट्या क्षमतेत टेराबाइट महाग पडतो. सर्वांत नव्या, सर्वांत मोठ्या क्षमतेतही महाग पडतो. स्वस्ताई मधल्या टप्प्यात असते आणि हा टप्पा दरवर्षी वर सरकतो. तुम्हाला ४८ टेराबाइटच हवे असतील तर रेड ६ मध्ये १६ च्या पाच डिस्क पुरतात (तीन गुणिले सोळा). कच्ची क्षमता ६४ ऐवजी ८० घ्यावी लागते, म्हणून १६ ची डिस्क टेराबाइटमागे २० टक्क्यांनी स्वस्त असली तरच डिस्कचा खर्च सारखा होतो. पण तीन कप्पे वाचतात. सतत चालू असणाऱ्या तीन डिस्कची प्रत्येकी ५ वॅट धरली तरी वर्षाला सुमारे १३० किलोवॅट-तास वीज वाचते. राखीव धरून सहा डिस्क, म्हणजे दोनच्या अटीत पाचऐवजी तीनच फेऱ्या.

---

काप्टनपट्टी

वॉरंटीच्या भागाकाराशी अर्धाच सहमत. वॉरंटी संपली म्हणून डिस्क मरत नाही. रेड ६ आणि वर राखीव डिस्क असताना वॉरंटीचं मोल एकट्या डिस्कवाल्यापेक्षा कमीच. शिवाय वॉरंटीत बदलून मिळणारी डिस्क बहुधा दुरुस्त केलेली असते. मी ते माप दुय्यम धरेन. आत काय आहे हे आधी.

विकत घेण्यापूर्वी : २.५ इंची बाह्य डिस्क या कामाला घेऊच नका. वेस्टर्न डिजिटलच्या २.५ इंची बाह्य डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या सर्किटवरच असतं, साटा (यंत्राच्या आत डिस्क जोडायची) जोडणी नसतेच. उघडून हाती काहीच लागत नाही. ३.५ इंची, वेगळ्या १२ व्होल्ट ॲडाप्टरवर चालणारीच घ्या.

घरी आल्यावर, पण उघडण्यापूर्वी : यूएसबीवर जोडा आणि डिस्कची अंगभूत आरोग्य-नोंद (स्मार्ट) वाचणारं स्मार्टसीटीएल (प्रकार ‘सॅट’ देऊन) किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. आतल्या डिस्कचं मॉडेल दिसतं. इथेच कळतं की ती सीएमआर (लिहिण्याचे पट्टे सुटे) आहे की एसएमआर. एसएमआरमध्ये पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, मधला एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसती फाइल साठवायला ती चालते. रेडची पुनर्बांधणी सुरू झाली की मधला बफर भरतो आणि वेग कोसळतो. तासांचं काम दिवसांवर जातं, कधी कंट्रोलर डिस्कला मेलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेवरून झालेला गदारोळ याचाच : २ ते ६ टेराबाइटच्या ‘ईएफएएक्स’ डिस्क एसएमआर होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. सीगेटची ८ टेराबाइटची बाराकुडा, एसटी८०००डीएम००४, हीसुद्धा एसएमआर आहे, आणि हीच बाह्य केसिंगमध्ये सापडते. ती दिसली तर केसिंग न उघडता परत करा.

उघडल्यावर डिस्क फिरतच नाही, ही हमखास येणारी तक्रार. साटा ३.३ पासून वीजजोडणीची तिसरी पिन ‘वीज बंद’ या इशाऱ्यासाठी वापरतात. जुने पॉवर सप्लाय त्याच पिनवर ३.३ व्होल्ट देतात, डिस्क त्याला ‘बंद राहा’ असं समजते आणि गप्प बसते. डिस्क खराब नाही. पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक) टेपची अरुंद पट्टी लावा, डिस्कला ३.३ व्होल्टची गरजच नसते. साधी चिकटपट्टी नको, ती गरम होऊन सरकते आणि कनेक्टर काढताना आत अडकते. चार पिनांच्या मोलेक्सवरून साटाची तार हाही उपाय आहे, कारण मोलेक्सवर ३.३ व्होल्ट नसतातच. पण ती ओतीव प्लास्टिकच्या टोकाची घेऊ नका. त्यांत आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. दाबून बसवलेल्या टोकांची घ्या.

डेटाचं : केसिंगमध्ये असताना भरलेला डेटा साटावर वाचता येईल असं गृहीत धरू नका. माय बुकसारख्या काही मॉडेलांत ब्रिज बोर्ड (यूएसबी आणि डिस्क यांना जोडणारं सर्किट) पासवर्ड न ठेवताही सगळं कूटबद्ध करतो. काही ब्रिज ४०९६ बाइटचे सेक्टर दाखवतात, डिस्क ५१२ चे, त्यामुळे पार्टिशन ओळखूच येत नाही. केसिंगमध्ये फक्त चाचणी करा.

केसिंग फेकू नका. वॉरंटी त्या उत्पादनाची आहे, आतल्या पांढऱ्या लेबलच्या डिस्कची नाही. कोणत्या केसिंगमधून कोणती डिस्क निघाली ते खोक्यावर क्रमांकासह लिहून ठेवा. उघडायला स्क्रू ड्रायव्हर नको, चार प्लास्टिकच्या पट्ट्या खाचांत सरकवल्या की आतला सांगाडा सरकतो. खाचा तुटल्या तर वॉरंटीच्या वेळी वाद.

---

कप्पेबंद (धागाकर्ता)

१६ च्या पाच हा पर्याय डोक्यातच आला नव्हता. दोन उपप्रश्न. वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एकाच रेडमध्ये चालतील का? आणि सगळ्या जमेपर्यंत दोन-तीन महिने जातील, तोवर खोकी तशीच ठेवू का?

---

सेक्टरशोधक

खोकी तशीच ठेवणं ही या सगळ्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. परत करण्याची मुदत खोकं उघडल्यापासून मोजत नाहीत, खरेदी किंवा पोच झाल्यापासून मोजतात. आलेली जोडी त्याच आठवड्यात तपासायची.

आधी स्मार्टची नोंद जतन करा. गुणधर्म ९ (चालू तास) नव्या डिस्कवर शून्याच्या आसपास हवा. ५, १९७ आणि १९८ (खराब किंवा संशयित सेक्टरची मोजणी) शून्य. मग लांबची अंगभूत चाचणी, आणि ती झाल्यावर बॅडब्लॉक्स (पूर्ण डिस्क तपासणारी लिनक्सची आज्ञा) लेखन प्रकारात. त्यात चार नमुने असतात, प्रत्येक लिहून पुन्हा वाचला जातो, म्हणजे डिस्कवरून आठ फेऱ्या. ८ टेराबाइटला सरासरी १५० मेगाबाइट प्रति सेकंद धरली तर एक फेरी पंधरा तासांची, सगळं मिळून पाच दिवस. १६ ला आठवड्यापेक्षा जास्त. परतीची मुदत १४ दिवसांची असेल तर एकच नमुना, म्हणजे दोनच फेऱ्या, घ्या. शेवटी स्मार्ट पुन्हा बघा. १९७ मध्ये एक जरी वाढला तरी नवी डिस्क परत. १९९ वाढला असेल तर मात्र आधी केबल बदला, तो आकडा जोडणीचा आहे, डिस्कच्या पृष्ठभागाचा नव्हे.

ब्लॉकचा आकार ४०९६ द्या, न दिलात तर १०२४ धरला जातो आणि मोठ्या डिस्कवर बॅडब्लॉक्स सुरूच होत नाही. १८ टेराबाइट आणि वर ४०९६ ही पुरत नाही, ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही, तिथे ८१९२.

केसिंगमध्ये पंखा नसतो, इतके दिवस सलग लिहिताना डिस्क तापते. केसिंग उभं ठेवून समोर साधा टेबल पंखा लावा, तापमान ५० अंशांच्या खाली राहू द्या. स्मार्टमध्ये २२ क्रमांकाचा गुणधर्म दिसला तर आत हेलियम आहे, ती तुलनेने थंड चालते. ८ टेराबाइटमध्ये हेलियमच्या आणि साध्या हवेच्या अशा दोन्ही निघतात, बाहेरून कळत नाही.

‘नवी’ म्हणून सुट्या डिस्क घेत असाल तर वेगळी खबरदारी. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क, स्मार्टचे तास पुसून, नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. सीगेटमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, स्मार्टसीटीएल ७.४ पासून ती वाचता येते. तिथले तास आणि स्मार्टचे तास जुळले पाहिजेत. नंतर फार्मही बदललेल्या डिस्क सापडल्या, त्यामुळे हा पुरावा एकतर्फी समजा : तफावत असेल तर डिस्क नक्की वापरलेली, जुळलं म्हणजे नवीच असं नाही. अनुक्रमांक उत्पादकाच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघा. ‘ही डिस्क यंत्रासोबत विकलेली आहे’ असं उत्तर आलं तर वॉरंटी तुम्हाला मिळणार नाही.

कंपन्या मिसळायला हरकत नाही, उलट चांगलं. एकाच खेपेतल्या आठ डिस्कमध्ये दोष असेल तर तो आठांतही असतो, आणि पुनर्बांधणीचा ताण पडतो तेव्हाच दुसरी कोसळते. दोनची अट तुमच्याकडून हे काम फुकटात करून घेतेय. क्षमतेची भीती नको : ८ टेराबाइटच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटचे १५,६२,८०,५३,१६८ सेक्टर असतात, हे सूत्र सगळ्या कंपन्या पाळतात. तरीही पार्टिशन करताना शेवटी शंभरेक मेगाबाइट सोडा.

एक तपासणी राहून जाते. त्रुटी आली की किती वेळ प्रयत्न करून डिस्क हार मानते ती मुदत, स्मार्टसीटीएलमध्ये ‘एससीटीईआरसी’ (scterc). रेडसाठी ७ सेकंद हवेत, म्हणजे आकडा ७० (तो दशांश सेकंदांत असतो). ही सोय नसलेली डिस्क मिनिटभरही अडून बसते आणि लिनक्स ३० सेकंदांतच तिला सोडून देतं. अशा डिस्कसाठी कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) मुदत १८० सेकंद करा.

---

पेशीमोजणी

कुणी याच हिशेबाने सवलतीतल्या एसएसडी घेत असेल तर एवढंच : नाव तेच राहून आतला माल बदलतो. क्रुशल पी२ ची सुरुवात टीएलसीने (एका पेशीत तीन बिट) झाली आणि २०२१ पर्यंत तीच क्यूएलसीवर (चार बिट, हळू आणि कमी टिकाऊ) आली. खोक्यावरचा वेग कॅशपुरता असतो. टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा, बघा. सॅमसंगच्या १ टेराबाइट ८७० ईव्हीओला ६०० आहे, ८७० क्यूव्हीओला ३६०. या दोघींत दहा टक्क्यांचा फरक असेल तर क्यूव्हीओ सवलतीत नाहीच असं समजा.

---

घाऊकराव

चौथा प्रश्न राहिला. खाती काढू नका. पत्ता, कार्ड, फोन यांपैकी एक जुळलं की यंत्रणा सगळ्याच ऑर्डरी रद्द करते, हक्काच्या दोनसकट. पैसे परत यायला काही दिवस जातात आणि तोवर सवलत संपलेली असते. घरातल्या दुसऱ्या माणसाने स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या कार्डाने घेणं वेगळं, पण अट ‘एका घराला’ नसेल तरच.

त्यापेक्षा एकाच वेळी दोन-तीन दुकानांतून घ्या. उत्पादकाची सवलत बहुधा एकाच आठवड्यात अनेक दुकानांत लागते आणि मर्यादा दुकानागणिक वेगळी मोजली जाते. सवलत संपल्यावर दुसऱ्या दुकानाला ‘त्या भावात द्या’ म्हणू नका, मर्यादित साठ्याचा माल भाव जुळवण्याच्या धोरणातून बहुतेक ठिकाणी वगळलेला असतो. उलट पावत्या जपा. काही दुकानं खरेदीनंतर ठरावीक दिवसांत भाव आणखी उतरला तर फरक देतात, तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

---

काप्टनपट्टी

जमेल तशा रेडमध्ये घालत जाऊ, असा विचार असेल तर : एमडीएडीएममध्ये (लिनक्सच्या रेड-साधनात) रेड ६ चार डिस्कवर सुरू करून वाढवता येतं, पण प्रत्येक वाढवणीत सगळा डेटा पुन्हा मांडला जातो. म्हणून दोन-तीन एकदम घाला, एकेक नको. झेडएफएस या फाइल-प्रणालीत रेडझी (तिचं स्वतःचं रेड) वाढवण्याची सोय ओपनझेडएफएस २.३ पासून आली. तिथे एका वेळी एकच डिस्क, आणि जुना डेटा पुन्हा लिहिल्याशिवाय जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो, म्हणून मोकळी जागा हिशेबापेक्षा कमी दिसते.

१६ च्या पाच घेणार असाल तर हेही धरा की एक डिस्क गेली तर दुसरी भरायला, नॅसवर दुसरं काहीच काम नसतानाही, पूर्ण दिवस लागेल. ८ ला अर्ध्याहून थोडा जास्त. राखीव डिस्क खोक्यात न ठेवता कप्प्यात जोडूनच ठेवा.